सरणाच्या आंब्यावरचं पाखरू

आमच्या गावाने सुतार पक्ष्याला आपला पक्षी म्हणून निवडलं, त्यात मोठा वाटा माझ्या वडिलांचा होता. पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता असता तर आबांनी त्या दिवशी तोंडच उघडलं नसतं, असं माय अजून म्हणते. मला तसं वाटत नाही. आबांना तोंड उघडायला कधी कारण लागलेलं नाही.

सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. मी हिंगोलीत राहते, तिथे माझं मेडिकलचं छोटं दुकान आहे. रविवारी दुकान बंद ठेवायचं आणि जीपने गावाकडे यायचं, हा माझा शिरस्ता. त्या वर्षी सव्वीस जानेवारीलाही आले होते. झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली आणि मीही बायकांमध्ये जाऊन बसले. प्रत्येक गावाने आपलं एक झाड आणि आपला एक पक्षी ठरवावा, तसा ठराव घ्यावा आणि पक्ष्याचं चित्र दर्शनी भागात काढावं, अशी वरून सूचना आली होती. झाड म्हणून कडुनिंबाचं नाव निघालं आणि चहा यायच्या आत मंजूरही झालं. पक्ष्यापाशी मात्र घोडं अडलं.

आधी मोराचं नाव निघालं. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "मोर? सोयाबीन पेरलं की ओळीनं उकरून खाते ते. त्याचंच चित्र काढता व्हय?" मग पोपट. पोपटाने ज्वारीच्या कणसांचं काय केलं हे सांगायला एकदम तिघे उभे राहिले. चिमणी शेजारच्या गावाने आधीच घेतली होती, आणि त्यांचं उष्टं घ्यायची आमच्या गावाची तयारी नव्हती. कुणीतरी गमतीने घुबड म्हणालं, त्याला शेजारच्यांनी शर्ट ओढून खाली बसवलं.

तेव्हा आबा उठले. वीज खात्यात वायरमन म्हणून त्यांची सगळी नोकरी खांबांवर चढण्यात गेलेली, त्यामुळे खोडावर सरळ चढत जाणारा पक्षी त्यांना जवळचा वाटावा यात नवल नाही.

"सुतार घ्या," ते म्हणाले. "पिवळ्या पाठीचा, लाल तुऱ्याचा. तुमचं काई खाते का ते? मुंग्या खाते, किडे खाते. सकाळी उठलं की कामाला लागते. कोणाच्या वावरात तोंड घालत न्हाई."

सभेने सुतार पक्ष्याविरुद्ध काही निघतंय का याचा बराच शोध घेतला. निघालं नाही. कुणाचीच तक्रार नाही असा उमेदवार आमच्या गावात पहिल्यांदाच उभा राहिला होता, त्यामुळे तो बिनविरोध आला. महिन्याभरात वेशीवरच्या कमानीवर त्याचं चित्र लागलं. पेंटरने छाती जरा जास्तच फुगवली, त्यामुळे जीपवाले काही दिवस "कोंबड्याच्या कमानीपाशी कोण उतरतंय?" असं विचारायचे. कमानीच्या खांबावर एक पाटीही लागली: हा आपल्या गावाचा पक्षी आहे, त्याला व त्याच्या घरट्याला इजा करू नये. ही पाटी लावा म्हणून पंचायतीत हेलपाटे घालणारे पुन्हा आबाच.

आता आंब्याचं सांगते.

आमच्या वावराच्या रस्त्याकडच्या बांधावर एक वाळलेला आंबा उभा आहे. वावर दोन एकरांचं. आमच्या घराण्यात स्वतःचं म्हणता येईल असं वावर पहिल्यांदा आबांनी घेतलं, त्याआधीच्या सगळ्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या. वावर नावावर झालं त्या पावसाळ्यात आबांनी बांधावर गावरान आंब्याची कोय लावली. झाड झालं, आंबट फळं आली, मायने वर्षानुवर्षं त्याचं लोणचं घातलं. मग खोडात कीड शिरली, त्यात दोन पावसाळे कोरडे गेले आणि एका उन्हाळ्यात त्याला पालवी फुटलीच नाही. वखारवाला येऊन विचारून गेला. आबांनी त्याला सांगितलं, "ते माझ्या सरणाचं हाय."

आमच्याकडे म्हातारी माणसं आपापली तजवीज करून ठेवतात. कुणी पेटीत कोरं कापड ठेवतं, कुणी गोवऱ्या रचून ठेवतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. आबांचं वेगळं इतकंच, की त्यांना त्या झाडाची हौस होती. माझ्या सासूबाई एकदा हुरडा खायला आल्या. आबांनी त्यांना विहीर दाखवली, हरभरा दाखवला, मग आंब्यापुढे नेलं आणि म्हणाले, "आन हे माझं सरण." सासूबाईंचा हुरडा हातातच राहिला. घरी आल्यावर मायने आबांना चांगलं फैलावर घेतलं, पण पुढच्या पाहुण्यालाही त्यांनी झाड दाखवलंच.

मीही त्यांची चेष्टा करायचे. एकदा त्यांनी मला सगळं सांगितलं, तेव्हापासून चेष्टा बंद झाली. आबांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, श्रावणात गेले. झड लागलेली होती. वाळकं लाकूड कुठेच नव्हतं. तरण्या वयाचे आबा गावात दारोदार फिरले. कुणी ओली फांटी देऊ केली, कुणी दार लावून घेतलं. एका मोठ्या घराच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, वाळक्या लाकडाचा ढीग पत्र्यापर्यंत लागलेला त्यांना दिसत होता. तिथून उत्तर आलं, "तुमचं तुमी बघा." शेवटी त्यांनी घराचं दार काढलं, बाज मोडली, आणि त्यावर बापाला नेलं. बाकीचा पावसाळा आमच्या घराला दाराच्या जागी पोतं टांगलेलं होतं. आबा हे सांगताना रडले नाहीत. मी रडले.

त्या जानेवारीच्या आधीपासूनच आबा वावरात जाताना मधेच थांबायला लागले होते. चप्पल नीट करतो म्हणायचे, पण हात छातीवर असायचा. फेब्रुवारीत मी त्यांना जवळजवळ ओढतच हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून नांदेडला. हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, लांबवू नका. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पायांत चप्पल सरकवली आणि मला म्हणाले, "चल."

"आबा, डॉक्टर काय म्हणून राहिले ते ऐकलं ना?"

"ऐकलं. बाई, माझं समदं बराबर झालेलं हाय. तुझं लग्न झालं, वावर झालं, घरावर स्लॅब पडला. लाकूड हाय. आता छाती फाडून घेऊ काहून?"

दुकानात मी लोकांना दटावून गोळ्या घ्यायला लावते. पथ्य न पाळणाऱ्यांना चार शब्द सुनावते. आणि माझा स्वतःचा बाप परतीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर मरायला तयार होऊन बसला होता, खिडकीतून हळदीचे वाफे बघत. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. वसमत मागे पडेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते माझ्याशी नंतरही बोलले नाहीत.

पुढचे काही रविवार माझे याच विनवण्यांत गेले. आबांनी मात्र त्यांच्या बाजूने कामाला सुरुवात केली. मार्च संपत आला तेव्हा मायचा भर दुपारी फोन आला: "लाकूडतोड्याला बलावलं यायनं. आंबा तोडून घराच्या मागं रचून ठेवतो म्हणून राहिले, पावसाच्या आधी." मी शटर ओढलं आणि मिळेल ती जीप पकडली.

मी वावरात पोचले तेव्हा लाकूडतोड्या कुऱ्हाड खाली टेकवून उभा होता आणि आबा त्याच्यावर डाफरत होते. त्याने खोडावर पहिला घाव घातला होता आणि वरच्या भोकातून एक पक्षी किंचाळत बाहेर पडला होता. पिवळीधमक पाठ, लाल तुरा. तो समोरच्या विजेच्या खांबावर जाऊन बसला होता आणि अजून ओरडत होता.

"आबा, हे कमानीवरचं हाय," लाकूडतोड्या म्हणाला.

"हाय तर हाय."

"मी न्हाई तोडत. तुमीच पाटी लावायला लावली, आन आता तुमीच म्हणता तोड. माझ्यावर केस झाली तं?"

"अरे, झाड माझं हाय."

"पाखरू गावाचं हाय ना." त्याने कुऱ्हाड मोटरसायकलला बांधली आणि तो निघून गेला.

मला हसू आवरेना. इतके दिवस मी आणि माय आणि नांदेडचे डॉक्टर मिळून जे करू शकलो नव्हतो ते आबांच्याच ठरावाने केलं होतं, त्यांना एका जागी अडवून धरलं होतं. आबांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग त्यांनी खोडाला कान लावला. आत काहीतरी घरघरत होतं. मला बोलावून त्यांनी माझाही कान तिथे टेकवला. पिल्लं होती. आबा बराच वेळ तसेच उभे राहिले.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. दिवस मावळायच्या आत सरपंचबाई घरी आल्या. त्या त्याच मोठ्या घरच्या सून, ज्या घराच्या आखाड्यावर त्या श्रावणात लाकडाचा ढीग लागला होता. हे आबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "आबा, झाड ठेवा. गावाचं मागणं हाय."

"आन मला कशावर जाळायचं? कमानीवर?"

माय आतून खाकरली. सरपंचबाई हसल्या नाहीत. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "लाकडाचं माझ्यावर. आमच्या आखाड्यावर बाभळीचं वाळकं लाकूड हाय. पाऊस असो का काई असो, तुमाला कमी पडणार न्हाई. माझ्या सासऱ्यानं दिलं नव्हतं ते मला ठाऊक हाय, आबा."

आबांनी सुपारी कातरायला घेतली, पण अडकित्ता नुसताच हातात राहिला. मग ते म्हणाले, "तुमचं लाकूड राहू द्या. आधी पाखराचं होऊ द्या, मग बघू." आणि मायला चहा टाकायला सांगितलं.

सरपंचबाई गेल्यावर ते अंगणात तोंड धुवायला गेले आणि गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ धूत राहिले. परत येऊन मला एवढंच म्हणाले, "मागायला आली ती. आपल्या दारात." मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला, आणि आतल्या आत एक हिशेबी आनंदही झाला. सरणच हातातून गेलं म्हटल्यावर आता हे नांदेडला येतील, असं मी धरून चालले.

"पिल्लं उडल्याबिगर मी वावर सोडत न्हाई," आबा म्हणाले.

झालं. इतके दिवस झाडामुळे येत नव्हते, आता पाखरामुळे. सकाळी पाण्याची बाटली आणि गमछा घेऊन ते बांधावरच्या बाभळीखाली बसत, ते जेवणापुरते उठत. कोणी मोबाईल घेऊन झाडाजवळ गेलं की त्याला लांबूनच हाकलत. दोन्ही सुतार आळीपाळीने चारा आणत आणि आबा ते येताजाताना बघत. जे झाड पेटवायचं म्हणून राखलं होतं, त्याला आता ते कुणाला टेकूही देत नव्हते. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जोखीम तुमची. जोखीम माझीच होती, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला की रविवारी तालुक्याचे साहेब गावाच्या पक्ष्याचं घरटं बघायला येणार आहेत. साहेब येणार म्हणताच मायच्या अंगात संचारलं. चौदा एप्रिल जवळ आलेला, त्यामुळे जयंतीसाठी घराला द्यायचा चुना आणि गेरू तिने भिजवून ठेवलेलाच होता. आमच्याकडे कुणी मोठं माणूस येणार असलं की रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना खाली पांढरा चुना आणि वर गेरूचा पट्टा मारतात. साऱ्या जिल्ह्यात मारतात. आपल्या बांधावरचं झाड बिनरंगाचं राहिलेलं मायला कसं चालेल?

त्या रविवारी मी आबांना दाढी-अंघोळीसाठी आग्रह करून घरी आणलं होतं. तेवढ्या वेळात मायने पंचायतीच्या शिपायाला शिडी घेऊन वावरात नेलं. त्याने पुरुषभर उंचीपर्यंत चुना आणि त्यावर गेरूचा पट्टा मारला. माय म्हणाली, "अर्धंच काहून सोडता? वरपर्यंत घ्या की." तो शिडी चढला. वरपर्यंत चुना झाला. आणि मग, घराच्या दाराभोवती काढतात तशी, घरट्याच्या भोकाभोवती त्याने गेरूची छान गोल चौकट काढली.

आम्ही वावरात पोचलो तेव्हा माय हाताचा चुना पदराला पुसत, कौतुकाची वाट बघत उभी होती. भर उन्हात तो पांढराशुभ्र आंबा बांधावर चमकत होता. दोन्ही सुतार विजेच्या खांबावर बसून ओरडत होते. एक उडाला, चोचीत चारा घेऊन झाडापर्यंत आला, आणि टेकायच्या आत वळून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आपलं घर कुठे गेलं हे त्याला कळत नव्हतं.

आबा मायला काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मायला हळूहळू समजलं, आणि ती मटकन खाली बसली. "मी धुते," ती म्हणाली. "गोणपाट आणते, आत्ता धुते." आबांनी हाताने तिला थांबवलं. "आता कोणी हात लावू नका. समदे इकडं या." आम्ही सगळे बाभळीखाली जाऊन बसलो. शिपाई शिडीसकट गेला. सुरुवातीला पिल्लांचा आवाज तिथपर्यंत येत होता. मग कमी झाला. मग वारा थांबला तरच ऐकू यायला लागला.

ऊन वाढलं तसा आबांच्या चेहऱ्याचा रंग गेला. कपाळावर घाम आला आणि हात पुन्हा छातीवर. मी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली, जी मी त्या दिवसांत ब्लाउजमध्ये घेऊन फिरत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरलेली नाही.

"आबा, आत्ताच्या आत्ता चला. जीप बोलावते."

त्यांनी मान हलवली. डोळे झाडावरच. जरा दम घेऊन म्हणाले, "ते वापस आलं तर येतो. आजच्या आज येतो तुझ्यासंगं. न्हाई आलं, तर मला कुठंच नेऊ नको."

त्यांची जबान म्हणजे दगडावरची रेघ. मला कळलं की आता माझ्या वडिलांचं मरणजगणं वीतभर पाखराच्या मर्जीवर आलंय. आमच्या वस्तीतल्या विहारात मी लहानपणापासून जाते, तिथे कुणी काही मागत नाही, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. त्या दुपारी मी त्या खांबावरच्या पाखराकडे मागितलं. ये रे बाबा, म्हटलं. तुझंच घर आहे. माझ्या आईने फक्त रंग दिलाय.

माय शेजारी बसून मुसमुसत होती. पंचायतीतून फोन आला की साहेबांना आज जमत नाही, पुढे कधीतरी बघू.

सावल्या लांबायला लागल्या तेव्हा खांबावरचा एक सुतार उडाला आणि या वेळी झाडाच्या पुढे न येता मागच्या बाजूला गेला. आम्हाला दिसेनासा झाला. आबा उठून उभे राहिले. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही जरा बाजूला सरकून बघितलं. आंब्याची मागची बाजू जशीच्या तशी होती, काळपट आणि भेगाळलेली. शिपायाने रस्त्यावरून दिसेल तेवढीच बाजू रंगवली होती. सरकारी झाडंही तशीच रंगवतात. साहेब काही मागे जाऊन बघत नाही. त्या कामचुकारपणाला मी अजून हात जोडते.

सुतार त्या जुन्या सालीवर शेपटी टेकवून बसला होता. मग टुणटुण करत खोडाला वळसा घालून पुढे आला. चुन्यावर पाय पडताच थबकला, मागे सरकला. मान वाकडी करून त्याने गेरूच्या चौकटीकडे बघितलं. एकदा चोच मारून बघितली, चुन्याचा पापुद्रा उडाला. आणि मग डोकं आत घातलं.

आतून असा काही कल्ला झाला की बाभळीपर्यंत ऐकू आला. मायने तोंडावर पदर धरला आणि हुंदके देत हसायला लागली. मी बांधावर बसले. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुसरा सुतारही मागच्या बाजूने आला. आबांनी दोघांना एकेक फेरी मारताना बघितलं, पँटची माती झटकली आणि मला म्हणाले, "चल. पिशवी कुठं हाय माझी?"

पिशवी मी महिनाभरापासून भरून दाराआड ठेवलेली होती.

कमानीखालून जाताना त्यांनी जीप थांबवायला लावली आणि वाकून वर बघितलं. "चोच लय मोठी काढली त्यानं," म्हणाले. मग डोळे मिटून बसले. नांदेड येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही.

ऑपरेशन झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात मायने दिलेला डबा, न उघडलेला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, व्यवस्थित झालं. मी त्यांना धन्यवाद म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. मी मायला फोन लावला आणि सांगितलं, आबा ठीक आहेत. माय म्हणाली, "सांग त्यायला, पिल्लं डोकं बाहेर काढून राहिले." मी तो डबा उघडला आणि सगळा संपवला.

पिल्लं उडाली तेव्हा आबा दवाखान्यातच होते. मायने ते एकटीने बघितलं, आणि आता संसारात पहिल्यांदा तिच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी आबांना माहीत नाही. ती रोज थोडी थोडी करून सांगते. कधी म्हणते एक आधी उडालं, कधी म्हणते दोन्ही बरोबर. आबा चिडतात, आणि पुन्हा विचारतात.

आंबा तोडला नाही. चुना बराचसा गळाला, गेरूची चौकट फिकट होऊन राहिली आहे. ते झाड आता गावाचं झालंय. सुतार पुढच्या वर्षी तिथे येतील की नाही कोण जाणे, पण आबांनी त्यावरचा आपला हक्क सोडला तो सोडलाच.

मृग लागला तेव्हा मी हिंगोलीच्या रोपवाटिकेतून केशर आंब्याचं एक कलम घेऊन गेले. आबा हिंडायला फिरायला लागले होते, छातीवरची शिवण आल्यागेल्याला दाखवत होते. सरणाची जागा शिवणीने घेतली होती. मी पुढे केलेलं रोप त्यांनी फिरवून बघितलं.

"कलमी व्हय?"

"हो. तीन-चार वर्षांत फळ येतं म्हणे."

"चांगलं हाय. विहिरीजवळ लाव, तुझ्या मायला व्हईल." त्यांनी रोप माझ्या हातात परत दिलं आणि खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक कोय होती, गावरान आंब्याची, सावलीत वाळवलेली. जुन्या आंब्यापासून जरा अंतरावर, बांधावरच, त्यांनी आधीच खड्डा करून ठेवला होता. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. ते गुडघ्यांवर बसले, म्हणजे वाकलं असं होत नाही म्हणाले.

"हे कशाला आता?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"सरणाला."

"सरपंचबाईंनी लाकूड देऊ केलंय की."

"दिलं त्यायनं. आपल्याला पोचलं. पण आपलं आपल्या बांधावर असावं."

मला क्षणभर वाईट वाटलं. इतकं सगळं होऊन पुन्हा तेच. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "अहो आबा, ही कोय रुजणार कधी, झाड मोठं होणार कधी, आणि ते वाळणार कधी?"

आबांनी कोय खड्ड्यात ठेवली, तिच्यावर माती लोटली आणि तळहाताने हलकेच दाबली. मग माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत ते जुनं मिश्कील काहीतरी दिसलं.

"होऊ दे की निवांत," ते म्हणाले. "मला कुठं घाई हाय?"

मी विहिरीवर जाऊन बादली भरून आणली आणि त्यांच्या हातात दिली.